फळांच्या मशीनची नक्षी

१९९४ सालच्या आषाढातली गोष्ट. दुपारची वेळ होती. अण्णा नक्षीच्या कागदावर वाकले होते, मी खाली बसून कार्डं ओवत होते. वहिनी बाजारातून आली आणि पिशवी हातात तशीच ठेवून म्हणाली, "तुमचं पोरगं कुठाय, माहितीय का?"

"इंग्रजीच्या क्लासला," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"क्लासला! थेटराच्या मागं त्या दामूचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे, तिथं बसलंय. भाजीवाली सांगते मला. भाजीवालीला ठाऊक, गल्लीला ठाऊक, आईबापालाच तेवढं ठाऊक नाही."

"खेळू दे की घटकाभर. परीक्षा झालीय, पास झालाय."

"पुढच्या खोलीत खेळतात ते गेम. हा मागच्या खोलीत असतो. तिथं पैसे लावतात."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, नारायण. मी लग्नानंतर तीन वर्षांतच विधवा होऊन त्यांच्या घरी परत आले आणि तिथंच राहिले. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा ज्या घरात माग नाही ते घर शोधावं लागायचं. दिवसभर खटक-खटक चालायची, आणि वीज गेली की सगळ्या गल्लीला एकदम बहिरेपण यायचं. आम्ही घरात तेलुगू बोलायचो. आता लिहिताना मात्र सगळ्यांची बोलणी मला मराठीतच ऐकू येतात.

आमच्याकडे माग नव्हता. चादरीवर जे उमटतं ते आमच्या घरात तयार व्हायचं. मोर असो, कमळ असो, आधी ते चौकटीच्या कागदावर रंगवावं लागतं. कागदावरची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथं चौकोन रंगवलेला तिथं कार्डाला भोक. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं एकमेकांना ओवायची आणि ती माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. माळ फिरत राहते. शेवटचं कार्ड गेलं की पुन्हा पहिलं येतं आणि मोर पुन्हा उभा राहतो. त्याला आम्ही रिपीट म्हणतो. अण्णा नक्षी काढायचे आणि भोकं पाडायचे, मी ओवायची. परक्या चादरीचा हातभर तुकडा त्यांच्यासमोर टाकला तर उरलेली चादर ते कागदावर काढून दाखवायचे. लोक मुद्दाम तुकडे आणून त्यांची परीक्षा घेत, आणि चहा पिऊन जात.

मुरली त्यांचा एकुलता एक. त्याला इचलकरंजीला टेक्स्टाइलच्या डिप्लोमाला घालायचं ठरलं होतं. चादरींच्या कारखान्याचे मालक गड्डमशेठ, त्यांनी दिवाळीच्या चादरीची नवी नक्षी सांगितली होती आणि अर्धे पैसे आधी दिले होते. ते देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात होते, मुरलीच्या प्रवेशासाठी. अण्णा सातवी शिकलेले. कारखानदारापुढं ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. पोरगं बसेल, एवढं एकच स्वप्न त्या घरात होतं.

अण्णा चपला घालायला लागले तशी वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्हीपण जा. हे एकटे गेले तर त्या दामूला नमस्कार करून परत येतील." तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. तो नेहमीच जायचा.

थेटराच्या मागं पत्र्याची शेड होती. बाहेर भर ऊन आणि आत अंधार, त्या अंधारात निळ्या-हिरव्या उजेडाची चार-पाच मशिनं, आणि प्रत्येकाला मुंग्यांसारखी चिकटलेली पोरं. दामू दाराशीच स्टुलावर बसला होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

"या अण्णा! टोकन देऊ का?"

"पोराला न्यायला आलोय."

"न्या की. बांधून थोडंच ठेवलंय? पण एक सांगतो, राग मानू नका. पोरगं लई हुशार आहे. हे विमानाचं मशीन बघा. बाकीची पोरं दोन मिनिटांत मरतात. तुमचा मुरली एका टोकनवर दुपार काढतो. मागं रांग लागते, माझा धंदा बुडतो. म्हणून मीच म्हटलं, बाबा रे, हे पोरांचं सोड. आत मोठ्या माणसांचं मशीन आहे, तुझ्या डोक्याला तेच शोभतं."

मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि मुरली बाहेर आला. त्याला मिसरूड फुटली होती, पण त्या क्षणी तो सात वर्षांचा दिसला.

"घरी चल," अण्णा म्हणाले.

"नान्ना, एकदा बघा. एकदाच. मग काय मारायचं ते मारा." नान्ना म्हणजे वडील. आमच्यात असंच म्हणतात.

तो विमानाच्या मशीनपुढं बसला. दामूनं स्वतःच्या हातानं टोकन टाकलं. पडद्यावर ढग सरकू लागले, आणि मुरली हाताकडे न बघता, वडिलांकडे बघत बोलू लागला. "आता डावीकडून तीन बारकी. गेली. आता मधून एक मोठं, त्याच्या खाली दोन. गेली. आता काही नाही, चहा पिऊन घ्या. आता उजवीकडून चार, शेवटचं उशिरा." तो म्हणेल तसं विमान येत होतं. मागची पोरं पुढं सरकून बघू लागली.

"रिपीट आहे," अण्णा हळूच म्हणाले.

"आहे की नान्ना! पोरं नशीब-नशीब करतात बे. नशीब कुठलं? आत माळ फिरायलीय."

अण्णांचा हात मुरलीच्या खांद्यावर गेला. रागानं घराबाहेर पडलेला माणूस पोराच्या नजरेवर खूश झाला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

"आतल्याची पण काढलीय मी," मुरली म्हणाला.

आत एकच मशीन होतं. तीन चाकं, चाकांवर फळं. लिंबू, चेरी, आणि मध्येच एक घंटा. तिन्ही सारखी आली की खाली नाणी पडायची. मुरलीनं खिशातून घडी केलेला चौकटीचा कागद काढला, आमच्याच घरचा. प्रत्येक खेळीची एक ओळ, चेरीला लाल, घंटेला निळा, लिंबाला पांढराच सोडलेला. एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल मिळते, तीच वापरलेली.

"किती दिवस लिहायलास हे?"

"महिना झाला."

अण्णांनी कागद दारापाशी उजेडात नेला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. लाल चौकोन पायऱ्यांसारखे खाली उतरत होते, निळे त्यांना आडवे छेदत होते, आणि थोडं खाली पुन्हा तसंच काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटत होतं.

"किनार आहे," अण्णा म्हणाले. "अजून पुरी नाही, पण किनार आहे." मग बोट ठेवून म्हणाले, "इथं खाली आता लाल यायला पाहिजे. तिन्ही लाल."

मुरलीनं नाणं टाकून दांडा ओढला. चाकं गरगरली आणि थांबली. तीन चेऱ्या. खाली नाण्यांचा पाऊस पडला. पोरं ओरडली आणि सगळ्यांत मोठ्यानं दामू ओरडला, "अरे वा अण्णा! चाळीस पोरांत नाही ते तुम्ही एका नजरेत!"

अण्णा नाण्यांकडे बघत नव्हते. ते कागदाकडे बघत होते.

घरी आलो तेव्हा वहिनी दारातच उभी होती. "कान धरलात का?"

"पोरगं वाया गेलेलं नाही. नजर आहे त्याला."

"नजर आहे का, हे मी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मुरलीला तिथं जायची बंदी केली. "आता मी बघतो," म्हणाले. आणि ते बघायला गेले. पहिल्यांदा नुसतं लिहून घ्यायला. दुसरी माणसं खेळत आणि हे मागं उभं राहून चौकोन रंगवत. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक मध्येच उठून जातात, नक्षी तुटते. सलग ओळी हव्या असतील तर सलग कुणीतरी खेळलं पाहिजे. म्हणून ते स्वतः बसू लागले.

आमच्या टेबलावर कागदाला कागद चिकटत गेला. तो खाली लोंबू लागला, मग जमिनीवर पसरला, आणि केर काढताना मी तो उचलून धरू लागले. गड्डमशेठच्या मोराला चोच आली नव्हती. शेठचा माणूस दोनदा येऊन गेला. अण्णा त्याला म्हणाले, "होईल, होईल. मोर कुठं पळून चाललाय?"

वहिनीनं बोलून पाहिलं, न बोलून पाहिलं. एकदा जेवायला वाढता वाढता म्हणाली, "लोकांचे नवरे दारू पितात, बाहेरख्याली करतात. निदान चारचौघांत सांगता तरी येतं. माझा नवरा लिंबं मोजत बसलाय, हे कुणाला सांगू?"

"लिंबं नाही मोजत मी. लिंबं पांढरी सोडतो," अण्णा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

मुरली पहिले काही दिवस खुशीत होता. बाप रोज संध्याकाळी त्याला जवळ बसवून घ्यायचा, आपल्याला इथं काय दिसतं, त्याला काय दिसतं, विचारायचा. इतकं बरोबरीनं ते त्याच्याशी कधी बोलले नव्हते. मग हळूहळू तो वडिलांची नजर चुकवू लागला. एकदा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, तर वर येऊन माझ्याजवळ बसला. आत्याला आमच्यात अत्ता म्हणतात.

"अत्ता, आज ते मशीन उघडलं होतं. पुण्याहून कारागीर आला होता दुरुस्तीला. मी चोरून गेलो होतो, आत बघितलं. माळ नाहीये आत."

"मग काय आहे?"

"किल्ली आहे मागं. दामू किल्ली फिरवून ठरवतो, शंभरातले किती परत द्यायचे. फळं कुठली यायची ते मशीन दर वेळी नव्यानं ठरवतं. आधीचं त्याला काही लक्षातच राहत नाही म्हणे. कारागीर हसला माझ्यावर."

"मग नान्नाला सांग की हे."

"सांगितलं. म्हणतात, किल्ली असेल, पण माळ तिच्याखाली असणार, कारागीर तुला कशाला दाखवेल? म्हणतात, कापूस असू दे नाहीतर लोखंड, जे फिरतं ते परत येतंच."

त्यानं एक मिरची उचलली आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले. आणखी काहीतरी बोलणार होता. बोलला नाही, डोळे चोळत खाली गेला आणि मिरचीच्या हातानं डोळे चोळले म्हणून वहिनीच्या शिव्या खाल्ल्या.

श्रावणात प्रवेशाचा शेवटचा दिवस एका रात्रीवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी इचलकरंजीला पैसे भरायचे होते, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आज सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. ट्रंक दाराशी आणून ठेवली होती, वहिनीनं दशम्या बांधल्या होत्या, शेंगाची चटणी डब्यात दाबून भरली होती. अण्णा अंघोळ करून आले, देवापुढं हात जोडले, खाली वाकले आणि पत्र्याचा डबा काढून काखेत मारला.

"चला तर," वहिनी म्हणाली. तिला वाटलं, निघाले.

"दुपारच्या गाडीनं जाऊ. आधी दामूकडे जाऊन येतो. आज माळ पुरी होते, राजेश्वरी. काल शेवटची ओळ सापडली. आज पहिलं कार्ड वर येतंय. तासाभरात दुप्पट घेऊन येतो, मग दोघं बरोबरच गाडीत बसतो. आज नाही गेलो तर पुन्हा सगळी माळ फिरून यायची वाट बघावी लागेल."

वहिनीनं डबा धरला. त्यांनी तो तिच्या हातून सोडवून घेतला, हळूच, एकेक बोट उचलून. तिच्यावर त्यांनी कधीच हात टाकला नव्हता, त्या दिवशीही नाही. मी म्हटलं, "अण्णा, पोराचं शिक्षण आहे ते." ते म्हणाले, "म्हणूनच तर."

मुरली दारात आडवा उभा राहिला.

"नान्ना, तो कागद खोटा आहे."

"कुठला?"

"पहिला. तुम्ही आणि अत्ता दामूकडे आलात त्या दिवशीचा. त्यातल्या वरच्या चार ओळी खऱ्या आहेत. बाकी मी मनानं भरल्या."

शेजारचे माग चालूच होते.

"तुम्ही निघालात हे शेजारच्या रम्यानं पळत येऊन सांगितलं मला. तुम्ही मारणार म्हणून घाबरलो. चार ओळींत काहीच दिसत नव्हतं. म्हणून पडद्यामागं बसून भरभर भरल्या. तुम्ही किनार काढता तशी काढली. लाल उतरते, निळी छेदते. तुम्हाला आवडेल अशी काढली मी नान्ना. महिनाबिहिना काही नाही. त्या तीन चेऱ्या नशिबानं पडल्या."

अण्णांनी खिशातून तो पहिला कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता. ते दाराच्या उजेडात उभे राहिले आणि कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, एखाद्या परक्या चादरीचा तुकडा बघतात तसा. मी त्यांचं तोंड बघत होते. मला वाटलं, आता खाली बसतील.

"वरपासून खालपर्यंत एकच हात आहे," ते म्हणाले.

"माझाच आहे तो!"

"तुझा नाही. तुझा हात अजून एवढा चालत नाही." अगदी शांतपणे म्हणाले ते. "एवढी किनार तुला मनानं जमली असती, तर तुला इचलकरंजीला कशाला धाडलं असतं? आईनं पढवलंय तुला हे. मला थांबवायला."

आणि त्याला बाजूला सारून ते गेले.

मुरलीनं रडारड केली नाही. टेबलापाशी बसला, कोरा कागद घेतला आणि लाल-निळ्या पेन्सिलीनं ती किनार पुन्हा काढू लागला. मी शेजारी उभी होते. तो कुठंही अडला नाही, एक चौकोन खोडला नाही. पायऱ्या उतरल्या, निळी आडवी गेली, खाली पुन्हा सुरुवात झाली. मी एवढी वर्षं अण्णांच्या नक्ष्यांची कार्डं ओवत आले होते. तो कागद अण्णांचा नाही असं मीसुद्धा सांगू शकले नसते.

तो कागद घेऊन तो धावला, आणि मी त्याच्या मागं. शेडमध्ये अण्णा मशीनपुढं बसलेले, डबा मांडीवर उघडा. मुरलीनं कागद चाकांवरच धरला. "बघा नान्ना. आता काढली. अत्ताच्या समोर काढली. विचारा अत्ताला."

मी म्हटलं, "अण्णा, माझ्या डोळ्यांदेखत काढली त्यानं. तुमचा कागद तुमच्या खिशात होता."

अण्णांनी कागदावर एक नजर टाकली. "पाठ केलीस," ते म्हणाले. "पाठ करणं वेगळं आणि काढणं वेगळं. हो बाजूला, माझी ओळ चुकतेय."

दामू दाराशी स्टुलावरच होता. तो म्हणाला, "जाऊ दे रे मुरली. मोठ्या माणसांच्या मधे पडू नये."

दुपारची गाडी गेली. संध्याकाळची गेली तेव्हा अण्णा घरी आले. डबा त्यांनी जागच्या जागी देव्हाऱ्याखाली ठेवला. झाकणसुद्धा नीट लावलं. दशम्या कुणी खाल्ल्या ते मला आठवत नाही.

गड्डमशेठनं नक्षी दुसऱ्याकडून करून घेतली. दिवाळीत त्यांच्या चादरी खूप खपल्या. त्यावर कमळं होती. त्यांनी दिलेल्या पैशापोटी आमचं भोकं पाडायचं मशीन त्यांच्याकडे गेलं आणि माझं ओवण्याचं कामही त्याच्याबरोबर संपलं. मी विड्या वळायला लागले. दामूच्या दुकानावर पुढल्या वर्षी धाड पडली. त्यानं आधी लॉटरीचा स्टॉल टाकला, मग पोराच्या नावानं मोबाइलचं दुकान. आता तो चांगला म्हातारा झाला आहे. देवळात भेटला की माझ्या पाया पडतो.

अण्णा आणखी नऊ वर्षं जगले. एका टॉवेलच्या कारखान्यात गेटवर बसायचे. शेवटपर्यंत त्यांचं एकच म्हणणं होतं, धाडीत पोलिसांनी मशीन उचलून नेलं नसतं तर पुढच्या महिन्यात रिपीट हाताला लागला असता. मुरलीनं त्यांच्या चितेला अग्नी दिला आणि दुसऱ्याच दिवशी तो कामावर गेला.

मुरलीचा डिप्लोमा झालाच नाही. तो इचलकरंजीला गेला, पण कारखान्यात हमालीला. तिथं कुणाच्या तरी ऑफिसात कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकला. पुठ्ठ्याची कार्डं तोवर बंद होत आली होती. नंतर पुण्याला गेला. आता मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मोठा पगार आहे, चारचाकी आहे. मागच्या वर्षी आला होता तेव्हा मी विचारलं, नेमकं काय करतोस रे तिथं? त्यानं फोनवर दाखवलं. एक पेटी असते. पोरं पैसे देऊन ती उघडतात. आत कधी तलवार निघते, बहुतेक वेळा काहीच निघत नाही. पेटी उघडण्याआधी तिच्यावर दिवे फिरतात, ते दिवे कुठल्या रंगाचे आणि कशामागून काय, हे मुरली ठरवतो.

"अत्ता, पोरांना वाटलं पाहिजे की आता येणार, आता येणार," तो म्हणाला. "त्यांना त्यात रिपीट दिसला पाहिजे."

"आणि असतो का?"

"नाही," तो म्हणाला, आणि फोन खिशात टाकून चहा प्यायला लागला.

वहिनी माझ्याजवळच राहते. तिला आता कमी ऐकू येतं. कुणी विचारलं तर सांगते, पोरगं पुण्याला असतं, नक्षी काढतं, अगदी वडिलांसारखी.